गारुफलियाची पेटी

मी एक पेटी बोलतेय. अक्रोडाच्या लाकडाची, निळ्या रंगाची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली. मला उचलायला दोन माणसं लागतात. वय म्हणाल तर शंभरीला चारच वर्षं कमी. बोलायची मला सवय नाही. पेटीचं काम पोटात ठेवायचं, आणि ते मी इमानाने केलं. पण गेली काही वर्षं माझ्या नावावर एक खोटं चाललं आहे. ते पोटात ठेवणं मला जमत नाही, म्हणून बोलते.

माझा जन्म ग्रीसमधल्या लिथारी गावचा. तिथल्या लिआस सुताराने मला १९११च्या वसंतात घडवलं. गावाच्या वरच्या अंगाला आनाग्नोस्तिस राहायचा, त्याच्या थोरल्या मुलीचं, गारुफलियाचं, लग्न ठरलं होतं आणि नवरा अमेरिकेत होता. लिनार्दोस त्याचं नाव. शेजारच्याच गावचा, पण सहा वर्षांपूर्वी तिकडे एका कापडगिरणीत कामाला गेलेला. त्याच्या आईने त्याला एक फोटो धाडला होता. फोटोत दोघी बहिणी होत्या. खुर्चीवर बसलेली गारुफलिया, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली धाकटी दियामांतो. बसलेली ती तुझी, असं आईने कळवलं. तीन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं आणि पाकिटातून आगबोटीचं तिकीट निघालं. तिकिटावर नाव गारुफलियाचं.

लिआसने माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगाने तिचं नाव काढलं. खाली बोटीचं नाव, एलेऊसा. त्याच्याखाली न्यूयॉर्क. न्यूयॉर्क कसं लिहायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पाद्रीबाबांनी ते कागदावर लिहून दिलं, तरी त्याने एक अक्षर खाल्लंच.

गारुफलिया बावीस वर्षांची होती. अंगाने भक्कम, बोलायला कमी. एकेक वस्तू माझ्यात ठेवायची, पुन्हा काढायची, पुन्हा घडी घालायची. दियामांतो अठराची. तिची जीभ सारखी चालायची. लहानपणी तुतीच्या झाडावरून पडल्यामुळे तिच्या हनुवटीवर एक तिरका व्रण होता आणि हसली की तो पांढरा व्हायचा. ती माझ्या झाकणावर पाय हलवत बसायची आणि बहिणीला चिडवायची. "ताई, गिरणीत दिवसभर उभं राहावं लागतं म्हणे. आणि फोटोत तर तू बसलीयेस. फसला बिचारा." गारुफलिया हसायची. मीही हसले असते.

जूनमध्ये आम्ही निघालो. दोन खेचरं होती, एकावर मी. बरोबर आनाग्नोस्तिस आणि दोघी बहिणी. बहिणीला बोटीवर बसवून परत येते, म्हणून दियामांतोने आईच्या मागे लागून परवानगी मिळवली होती. आई धाकट्या दिमोसला घेऊन घरी राहिली. तो जेमतेम सहा वर्षांचा होता. पात्रास बंदराला पोचायला आम्हाला चार दिवस लागले. बंदराजवळच्या एका खानावळीत खोली घेतली. मला अंगणाकडच्या खिडकीशी ठेवलं. अंगणात अंजिराचं मोठं झाड होतं.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटायची होती. सकाळी आनाग्नोस्तिस गारुफलियाला घेऊन तिकिटावर शिक्का मारून आणायला गेला. दियामांतो एकटी मागे राहिली. ती बराच वेळ खिडकीत उभी होती. तिथून एलेऊसाचं काळं धुराडं दिसत होतं. मग ती अंगणात गेली आणि अंजिराच्या दोन कोवळ्या फांद्या मोडून आत आली. तिने मला उघडलं. वरच गारुफलियाचा पांढरा रुमाल होता, कडेने लाल भरतकाम केलेला, प्रवासात जवळ ठेवायचा म्हणून वेगळा काढलेला. मोडलेल्या फांदीतून पांढरा चीक निघतो. दियामांतोने तो रुमालाच्या चारी कडांना लावला, फुंकर घालून वाळवला आणि रुमाल होता तसा घडी करून ठेवला. हे करताना ती रडत होती. हेही सांगायला हवं, कारण मी पाहिलं. रडत होती, पण हात थांबला नाही.

गारुफलिया परतली तेव्हा निरोपाची वेळ झाली होती. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती पहिल्यांदाच रडली. दियामांतोने मला उघडून रुमाल तिच्या हातात दिला. "पूस डोळे, ताई," म्हणाली.

अर्ध्या तासात गारुफलियाचे डोळे लाल झाले, मग सुजले, मग पापण्याच उघडेनात. धक्क्यावर बोटीचा डॉक्टर प्रत्येक उतारूच्या पापण्या उलटून बघत होता, कारण खुपऱ्यांचा डोळ्यांचा रोग असलेल्या माणसाला अमेरिकेतून परत धाडत. त्याने गारुफलियाकडे एकदाच पाहिलं आणि मान हलवली. आनाग्नोस्तिसने हात जोडले. सकाळपर्यंत पोरीचे डोळे स्वच्छ होते, हे त्याने शपथेवर सांगितलं. रांगेत मागे अडीचशे माणसं होती. डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळला.

बोटीने पहिला भोंगा दिला. तेव्हा दियामांतो बापाला बाजूला घेऊन बोलली. माझ्या अगदी जवळ उभी होती. "बाबा, तिकीट वाया जाईल. तिकडे तो माणूस धक्क्यावर येऊन उभा राहणार, त्याला काय तोंड दाखवणार तुम्ही? माझे डोळे चांगले आहेत. तिकिटावर काही फोटो नाही."

आनाग्नोस्तिस वाईट माणूस नव्हता. घाईत होता, घाबरलेला होता, आणि एका मुलीचं तरी मार्गी लागावं असं त्याला वाटलं. त्याने गारुफलियाला विचारलं नाही. तिला फक्त सांगितलं.

गारुफलियाला काही दिसत नव्हतं. तिने हाताने मला चाचपलं आणि माझ्यावर बसली. हमाल मला उचलायला आले तर उठेना. दियामांतो म्हणाली, "ताई, पेटी दे ना." गारुफलिया एवढंच म्हणाली, "तिकीट घेतलंस. नाव घेतलंस. पेटी माझी आहे." दुसरा भोंगा झाला. दियामांतोने अंगावरच्या शालीत दोन कपडे बांधले आणि फळीवरून चढून गेली. तिने मागे वळून पाहिलं की नाही हे गारुफलियाने मला पुढे कित्येकदा, एकटी असताना, विचारलं. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं: पाहिलं नाही.

आम्ही परत लिथारीला आलो. डोळे आठ दिवसांत बरे झाले. खुपऱ्या नव्हत्याच, हे कळायला तेवढं पुरेसं होतं. पण काय होतं ते ऑक्टोबरात कळलं. थंडीची पांघरुणं काढायला गारुफलियाने मला उघडलं आणि तो रुमाल हाती आला. चारी कडांना तपकिरी डाग पडले होते, वार्निशसारखे. अंजिराच्या चिकाचा डाग कसा पडतो ते त्या गावात शेंबड्या पोरीलाही कळतं. ती कितीतरी वेळ माझ्यापुढे जमिनीवर बसून राहिली. मग तशीच उठली आणि रुमाल घेऊन बापापुढे जाऊन उभी राहिली.

आनाग्नोस्तिसने डाग पाहिला. त्याला कळलं. तो खाली बघत राहिला. मग त्याने खिशातून एक पत्र काढलं. ते आदल्याच दिवशी आलं होतं. दियामांतोचं लग्न झालं होतं, अर्थात गारुफलिया या नावाने. नवऱ्याला तिने सांगितलं होतं की फोटोत बसलेली ती दियामांतो, उभी राहिलेली मीच. तुमच्या आईची लिहिण्यात चूक झाली. त्याने मानलं. आता तिला दिवस गेले होते. पत्रासोबत तिकडच्या चर्चचा लग्नाचा दाखला होता, गावच्या जन्म-लग्नाच्या पुस्तकात नोंद करण्यासाठी. आणि तळाशी विनंती होती की इथून पुढे पाकिटावर माझं नाव गारुफलिया असंच घाला, नाहीतर मला परत पाठवतील.

"तिने पाप केलं, मान्य," आनाग्नोस्तिस म्हणाला. "पण तू तोंड उघडलंस तर तिला पोटातल्या पोरासकट बोटीत घालून परत धाडतील. मग आम्ही जगायचं कसं? तू इथेच आहेस, पोरी. तू कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे. पुस्तकातल्या अक्षराने तुझं काय जातं?"

पाद्रीबाबांनी नोंद केली: गारुफलिया, आनाग्नोस्तिसची मुलगी, अमेरिकेत विवाहित. बहिणीने जे केलं त्याला निदान घाई होती, वय होतं. बापाने जे केलं ते शांतपणे, खुर्चीवर बसून केलं. गारुफलियाने रुमाल माझ्या तळाशी ठेवला आणि त्यानंतर बापाशी कामापुरतंच बोलली.

तीन वर्षांनी तिला मागणी आली. सारांतोस नावाचा खोगिरं करणारा माणूस होता. बायको वारलेली. मोठा शांत आणि हाताचा कसबी. गारुफलियाला तो आवडला होता. मला ते असं कळलं, की तिने तीन वर्षांत हात न लावलेले उशांचे अभ्रे बाहेर काढले, धुतले, उन्हात घातले. पण आमच्याकडे लग्नात पाद्रीबाबा दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवतात आणि दोघांची नावं देवासमोर मोठ्याने घेतात. पुस्तकाप्रमाणे गारुफलियाचं लग्न झालेलं होतं. बिनलग्नाची होती ती दियामांतो. पाद्रीबाबांनी तोडगा काढला. लग्नापुरतं दियामांतो म्हणवून घे, पुढे कोण विचारतंय.

सारांतोस स्वतः घरी आला. म्हणाला, मला नावाशी काय करायचंय, माझं तुझ्याशी लग्न आहे. तो मनापासून बोलत होता.

"मला करायचंय नावाशी," गारुफलिया म्हणाली. "मुकुट माझ्या डोक्यावर आणि नाव तिचं? ते लग्नही तिचंच होईल, सारांतोस. एक झालं, आता दुसरंही तिलाच देऊ?"

त्याने वर्षभर वाट पाहिली. मग शेजारच्या गावातली मुलगी केली. अभ्रे परत माझ्यात आले.

अमेरिकेतून पत्रं येत राहिली. लिनार्दोस ती टपालात टाकायच्या आधी वाचत असावा, म्हणून प्रत्येक पत्राची सुरुवात एकच असायची: माझी लाडकी बहीण दियामांतो. जी खरी गारुफलिया, तिला दर सणाला कुणीतरी परक्या नावाने हाक मारत होतं, आणि तेही जिने तिचं नाव चोरलं तिच्याच नावाने. ती पत्रं वाचायची आणि माझ्यात टाकायची. उत्तर दिमोस लिहायचा. चाळीस वर्षांत एकाही पत्रात अंजिराचा उल्लेख नव्हता. क्षमा हा शब्द नव्हता. १९५१ साली एका तान्ह्या मुलीचा फोटो आला. मुलाची मुलगी, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आजीचं नाव ठेवलेलं. मागे लिहिलं होतं, "हिला माझं नाव ठेवलंय, गारुफलिया." त्या दिवशी गारुफलियाने फोटो पालथा माझ्या झाकणावर ठेवला आणि हाताने दाबून धरला, कुणी तो उलटा करू नये असं.

दिमोसची मुलगी कानेला तिच्याजवळच वाढली. कानेलाची आई बाळंतपणात गेली होती. गारुफलियाने तिला वाढवलं, शिकवलं आणि मोठी झाल्यावर सगळं सांगितलं, रुमाल दाखवून. १९६८च्या हिवाळ्यात गारुफलिया अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत तिने कानेलाकडे एकच गोष्ट मागितली. "माझं नाव पुस्तकात आणून ठेव. बाकी मला काही नको." ती गेली तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने मृत्यूच्या नोंदीत लिहिलं: दियामांतो, अविवाहित. काय करणार, पुस्तकात हयात होती ती तीच. गारुफलिया पुस्तकापुरती अजून अमेरिकेत होती.

आमच्याकडे काही वर्षांनी थडग्यातून हाडं काढतात, वाइनने धुतात आणि छोट्या पेटाऱ्यात घालून चर्चमागच्या खोलीत ठेवतात. कानेलाने त्या पेटाऱ्यावर स्वतःच्या हाताने गारुफलिया असं लिहिलं. मग ती कचेरीत गेली. कारकुनाने सांगितलं, नोंद बदलायची तर अमेरिकेत जिचं लग्न झालं तिने किंवा तिच्या वारसाने लेखी दिलं पाहिजे की ती बाई गारुफलिया नव्हती. कानेलाने तीनदा पत्रं घातली. दियामांतो तेव्हा जिवंत होती. उत्तर आलं नाही.

आणि मग, २००४च्या मे महिन्यात, ती स्वतःच आली. तो फोटोतला तान्हा जीव. आता त्रेपन्न वर्षांची, करड्या केसांची, हातात जाडजूड फाईल. तिकडे तिला कॅरोल म्हणत. कानेलाने दार उघडलं आणि ती बोलू लागली, तशी कानेलाने दाराची चौकट धरली. कॅरोल आजीकडून शिकलेली भाषा बोलत होती. नव्वद वर्षांपूर्वीची, डोंगरातली, आता गावात कुणाच्या तोंडी नाही अशी. "आज्जीची बोट घावली मला," ती म्हणाली. "नऊ वरसं शोधली म्या."

फाईल तिने माझ्यावरच पसरली. नऊ वर्षांची मेहनत होती. आजीला बोटीचं नाव धड आठवत नव्हतं, म्हणून कॅरोलने आधी दोन भलत्याच बोटी शोधल्या होत्या. मग कळलं की एलेऊसा पुढे विकली गेली, तिचं नाव बदललं, आणि पंधरा वर्षांनी भंगारात निघाली. त्यामुळे ती जुन्या नावाखाली सापडतच नव्हती. उतारूंच्या यादीत कारकुनाने नाव इतकं चुकवून लिहिलं होतं, की कॅरोलला हजारो नावं डोळ्यांखालून घालावी लागली. शेवटी बापाच्या नावावरून ओळ सापडली. तिने त्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. वय बावीस. प्रकृती चांगली. डोळे तपकिरी. ओळखीची खूण, हनुवटीवर व्रण.

कानेला म्हणाली, "व्रण?"

"व्हय. हितं, तिरका. आज्जी हसली का पांढरा व्हायचा."

कॅरोलने फाईल आवरली आणि तेव्हा तिला माझ्या झाकणावरची अक्षरं दिसली. तिने ती हळूहळू लावली. तिन्ही नावं, गारुफलिया, एलेऊसा, न्यूयॉर्क. "ही तर आज्जीची पेटी हाय," ती म्हणाली. "मंग ही हितं कशी?"

कानेलाने तिला खुर्ची दिली. कॉफी केली. मग माझ्यातून सगळं बाहेर काढलं, पत्रांचे गठ्ठे, दोघींचा फोटो, आणि रुमाल. सांगायला अख्खी दुपार लागली. कॅरोल मधेमधे नाही नाही म्हणत होती, मग ते म्हणायची थांबली. रुमाल तिने मांडीवर घेतला आणि त्या तपकिरी डागावरून अंगठा फिरवत राहिली. "तिनं मला अंजीर कंदी खाऊ दिलं न्हाई," ती एकदम म्हणाली. "अंगणात झाड आलं तर उपटून टाकलं. म्या समजले, आवडत न्हाई."

ती आठ दिवस राहिली. चर्चमागच्या खोलीत जाऊन पेटाऱ्यापुढे मेणबत्ती लावली. जायच्या आदल्या दिवशी तिने कानेलाचे दोन्ही हात धरले. "आत्या, म्या लिहून देते. तिचं नाव तिला परत मिळंल. माज्या नावाची शपथ." पण तिकडे वकिलाला पुरावा लागेल, म्हणाली. पत्रं, रुमाल, फोटो, आणि झाकणावर नाव असलेली मी. कानेलाने सगळं दिलं. मला पुसून, तेल लावून, स्वतः दोरी बांधून दिलं. "जा बाई," माझ्या झाकणावर थोपटून म्हणाली. "तुझी साक्ष आहे." तिने एक पावतीसुद्धा घेतली नाही.

मी विमानाच्या पोटातून समुद्र ओलांडला. मला वाटलं, उशीर झाला, पण कामाला आले.

कॅरोल खोटारडी नव्हती. तिने खरंच वकिलाकडून कागद तयार करून आणला. सहीपुरता बाकी होता. मग तिने तो आपल्या वडिलांना, आर्गिरिसला, वाचून दाखवला. दियामांतोचा हा मुलगा, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा. ते कॅरोलच्या घरी, याच दिवाणखान्यात बसले होते, माझ्यापासून दोन पावलांवर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या आईच्या थडग्यावरचं नाव खोडायचं?" तो म्हणाला. "तिला चोर ठरवायचं? चाळीस नातवंडं-पतवंडं आहेत तिची."

"बाबा, तिकडे एका बाईला मरतानाही स्वतःचं नाव मिळालं नाही."

"ती बाई मेली. मी जिवंत आहे. मी गेलो की कर काय करायचं ते."

कॅरोलने कागद खणात ठेवला. आधी रुमाल कुठेतरी नेऊन ठेवला, मग पत्रं. पुढच्या वर्षी घराण्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात एलेऊसा बोटीची तीन चित्रं आहेत, यादीतली ती ओळ आहे, आणि दोन बहिणींचा फोटो. खाली लिहिलंय की उभी आहे ती आमची आजी गारुफलिया, आणि बसलेली आहे ती तिची प्रेमळ धाकटी बहीण दियामांतो, जी आईवडिलांच्या सेवेसाठी गावी राहिली. पुस्तकाच्या प्रकाशनाला सगळं गोत जमलं. त्या दिवशी माझ्यावर कार्ड ठेवलं गेलं: "१९११ साली आजी गारुफलियासोबत एलेऊसा बोटीतून आलेली पेटी." येणारा प्रत्येक जण ते वाचतो आणि माझ्यावरून हात फिरवतो. म्हातारी माणसं तर लाकडाला नाक लावून समुद्राचा वास येतो म्हणतात. जिने मला उघडून रुमालाला चीक लावला, तिची मी साक्षीदार झाले, आणि जी माझ्यावर बसून राहिली, उठली नाही, तिच्या विरुद्ध.

त्या दिवशी दुपारी सगळी बागेत जेवत होती. आर्गिरिसची चाकांची खुर्ची कुणीतरी माझ्याजवळ आणून सोडली. तो आईच्याच भाषेत, खालच्या आवाजात बोलू लागला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्स गारुफलिया म्हणून हाका मारायची आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तापात एकदा ती पुटपुटली, दियामांतो, काय केलंस गं हे. त्याला वाटलं बहिणीशी बोलतेय. म्हणून त्याने कानाशी जाऊन ते नाव घेतलं, बहिणीला काय सांगू विचारायला. तर तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ओ.

"तवाच कळलं मला," तो म्हणाला. "पंचवीस वरसं ठावं हाय. मावशे, माफ कर."

त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला होता. पण मी मावशी नव्हे. माफ करणं माझ्या हाती नाही, आणि जिच्या हाती होतं ती चर्चमागच्या खोलीत एका छोट्या पेटाऱ्यात आहे. हे तो तिथे जाऊन बोलला असता, किंवा बागेत जाऊन चाळीस जणांपुढे बोलला असता, तर काही झालं असतं. तो मला सांगून मोकळा झाला. कॅरोल केक घेऊन आली तेव्हा त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.

तो पुढच्या मार्चमध्ये वारला. मी वाट पाहिली. मी गेलो की कर, असं तो म्हणाला होता. कॅरोलने खण उघडला, कागद पाहिला आणि खण बंद केला. आता पुस्तक छापून झालं होतं.

कानेलाची तीन पत्रं आली. पहिलं कॅरोलने याच खोलीत बसून मोठ्याने वाचलं. कचेरीतला नवा कारकून चांगला आहे, कागद आला की आठवड्यात काम करतो म्हणतो, असं त्यात होतं. दुसरं तिने उभ्याउभ्याच वाचलं. कानेलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी ती कचेरीत विचारून आली होती. दोन्ही पत्रं कॅरोलने माझ्यात टाकली. तिसरं यायला सव्वा वर्ष झालं. पाकिटावरचं अक्षर कानेलाचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. कॅरोलने ते हातात धरलं, उलटंसुलटं केलं, आणि न फोडताच आत ठेवून झाकण लावलं. मग झाकणावरचं कार्ड सरळ केलं.

तुमच्यापैकी कुणी या घरी पाहुणे म्हणून आलात तर ते कार्ड वाचालच. वाचा. पण मग ते बाजूला ठेवून झाकण उघडा. कुलूप नाही. तिसरं पाकीट वरच आहे. ते कुणीतरी फोडा.